डिझाइनचा माणूस पगारावर ठेवावा की कंत्राटावर?

भोसरीकर_१४

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, एसपीएम करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गिऱ्हाइकाच्या एकाच कामासाठी बांधलेलं खास मशीन, म्हणजे पंपाच्या बॉडीला एका दमात आठ भोकं पाडायची वगैरे. माझ्यासकट माणसं चौदा. वर्षाला चार-पाच मशीनं बाहेर पडतात.

डिझाइन बघणारा मुलगा सहा वर्षं होता. गेल्या महिन्यात चाकणला मोठ्या कंपनीत लागला. पेढे देऊन गेला, त्यामुळे धड रागावताही येईना.

आता दोन माणसं समोर आहेत. एक जण पगारावर यायला तयार आहे, ५५,००० मागतो. दुसऱ्याला पंधरा वर्षांचा अनुभव आहे, तो नोकरी करत नाही, ताशी ७०० रुपये घेतो, स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतो. बायको हिशेब बघते. तिचं म्हणणं, काम नसेल त्या महिन्यात पगार नाही, एवढा एक मुद्दा पुरे. वडील म्हणतात माणूस आपला हवा. मी मधे. कुणी दोन्ही करून बघितलंय का?

तिरकस_तात्या

ताकापुरतं रामायण हवं असेल तर कंत्राटी. रोज ताक लागत असेल तर म्हैस पाळा. शेंगदाणे घेऊन बसलोय, चालू द्या.

खातेवही

तात्यांच्या म्हशीचा चारा मोजू. ५५,००० हा आकडा पूर्ण नाही. बेसिक निम्मं, म्हणजे २७,५०० धरलं आहे.

पीएफ १५,००० च्या मर्यादेवर भरलात तर तुमचे १२ टक्के म्हणजे १,८००, वर विम्याचे आणि प्रशासनाचे मिळून १ टक्का, १५०. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के (वर्षाला १५ दिवसांचा पगार, भागिले २६, तोच हिशेब), म्हणजे १,३२३. बोनसचा कायदा २१,००० च्या वर लागत नाही, पण दिवाळीला एक पगार दिल्याशिवाय भोसरीत माणूस टिकत नाही, त्याचे महिन्याला ४,५८३. मेडिक्लेम ८०० धरा. बेरीज ६३,६५६. वर्षाला ७,६३,८७२.

आता ७०० ने भागा. साधारण १,०९१ तास, आठ तासांचे १३६ दिवस. तुमच्याकडे डिझाइनचं काम वर्षात याहून कमी असेल तर कंत्राटी स्वस्त, जास्त असेल तर पगारी. बाकी सगळं कीर्तन.

एक शंका. तुम्ही चौदाच जण आहात, पीएफची सक्ती २० माणसांपासून आहे. मग भरताय का?

भोसरीकर_१४

२०१६ ला तेवीस जण होतो, तेव्हा लागू झाला. एकदा लागला की माणसं कमी झाली तरी सुटत नाही असं आमच्या सल्लागाराने सांगितलं.

खातेवही

बरोबर सांगितलंय. जावयासारखं असतं ते.

सुटा_इंजिनियर

मी धाग्यातला दुसरा माणूस. म्हणजे तोच नव्हे, पण अकरा वर्षं हेच करतोय, त्यामुळे माझी बाजू मांडतो.

७०० ऐकून लोकांचे डोळे विस्फारतात. ३१३ दिवस कामाचे (गुरुवारची साप्ताहिक सुट्टी वजा करून), त्यातून दहा सण आणि एकवीस रजा काढल्या की २८२ राहतात. पगारी माणूस तुम्हाला ताशी ३३९ ला पडतो, मी ७०० ला, म्हणजे दुप्पट. पण त्याला रजेचे पैसे मिळतात, तापाचे मिळतात, 'आज ऑर्डर आली नाही, बसून राहा' याचेही मिळतात. मला फक्त ड्रॉइंगचे मिळतात. माझा मेडिक्लेम माझा, सॉफ्टवेअरचं लायसन्स माझं, आणि मागच्या वर्षी जून ते ऑगस्ट घरात बसून मुलीला पाढे शिकवले तेही माझ्याच खर्चाने.

आणि उधारी! 'चेक तयार आहे, साहेब सही करायला आले नाहीत.' साहेब चार महिने सही करायला येत नाहीत. म्हणून मी उद्यम नोंदणी केली, म्हणजे सरकारदरबारी सूक्ष्म उद्योग म्हणून नाव लावलं. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही, आणि वर्षअखेरीलाही थकलं, तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही. करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. हे २०२३-२४ पासून आलं आणि मार्च महिन्यात माझा फोन वाजायला लागला. पहिल्यांदाच पैसे मागायला नव्हे, द्यायला.

भोसरीकर, तुमच्या माणसाने उद्यम काढलंय का विचारा. काढलं असेल तर तुमच्या मिसेसना आधीच सांगून ठेवा.

लॅडर_लॉजिक

आमच्याकडे घडलेलं सांगतो, गाव आणि कंपनी नको.

पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या प्रोग्रॅमचं) काम आम्ही बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचो. हुशार गडी. ठरलेल्या रकमेत, ठरलेल्या तारखेला काम. मशीन गेलं, पैसे दिले, हात मिळवले. दीड वर्षाने गिऱ्हाइकाचा फोन: मशीनची सायकल मधेच थांबते. आमचा मुलगा लॅपटॉप घेऊन गेला, केबल जोडली, तर प्रोग्रॅमला पासवर्ड. माणूस मस्कतला, नंबर बंद. आमच्याकडे सोर्स फाइल नाही, कारण घ्यायची असते हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

चार दिवस लाइन बंद. शेवटी प्रोग्रॅम नव्याने लिहिला. खरी मजा पुढेच आहे. वर्षभराने त्याची जुनी फाइल एका पेनड्राइव्हवर सापडली. अख्ख्या प्रोग्रॅमला एकही कॉमेंट नाही, टॅगची नावं एम शून्य, एम एक, एम दोन. फक्त एका ओळीवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं: 'हा टायमर काढू नका.' आमच्या नव्या प्रोग्रॅममध्ये तो टायमर नव्हताच. तोवर दोनदा क्लॅम्प बसायच्या आत सिलिंडर खाली येऊन फिक्स्चरला, म्हणजे तुकडा पकडून ठेवणाऱ्या चौकटीला, ठोकर बसली होती. अर्ध्या सेकंदाचा टायमर. का, ते त्यालाच माहीत होतं.

तिरकस_तात्या

एका ओळीचं डॉक्युमेंटेशन, तेही न वाचलेलं. दोष त्याचा कसा?

सुटा_इंजिनियर

तात्या, बोचलं. पण त्या गड्याला कॉमेंट लिहायचे पैसे कुणी दिले होते का? ठरलेल्या रकमेत काम म्हटलं की माणूस मशीन फिरलं की थांबतो. ऑर्डरमध्ये लिहा: सोर्स फाइल, कॉमेंटसह, पासवर्डशिवाय, शेवटचे २० टक्के ती हातात आल्यावर. मी स्वतः असं लिहून देतो आणि दर थोडा वाढवून घेतो. कुणी नाही म्हटलेलं नाही.

कलम_आणि_कंस

एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. नोकराने नोकरीत काढलेल्या ड्रॉइंगची, लिहिलेल्या प्रोग्रॅमची मालकी, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकाची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच आहे. बाहेरच्या स्वतंत्र माणसाने काढलेलं ड्रॉइंग मात्र, पैसे तुम्ही दिले असले तरी, लेखी हस्तांतर केल्याशिवाय त्याचं राहू शकतं. आणि लेखी केलंत तरी नीट करा. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या तुमचं मशीन केनियाला गेलं तर?

दुसरं. 'कंत्राटी' म्हणून रोज नऊला बोलवायचं, पंचिंग करायला लावायचं, रजेचा अर्ज घ्यायचा, दुसरीकडे काम करू द्यायचं नाही, आणि वर पीएफ नको, असा चलाखपणा बरेच जण करतात. कोर्ट कागदावरचं नाव बघत नाही. काम कसं करायचं हे कोण ठरवतं, अवजारं कुणाची, हे बघतं. पन्नासच्या दशकातलं गुजरातेतल्या ध्रांगध्राच्या मिठागरांचं प्रकरण आहे. मीठ पिकवणारे अगरिया लोक कंत्राटदार की कामगार, असा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि ते कामगार ठरले. मिठापासून सॉफ्टवेअरपर्यंत वकील अजून तोच निकाल काढतात.

खातेवही

अनुमोदन. टीडीएसलाही हीच गंमत. तांत्रिक सेवा म्हटलं तर २ टक्के, व्यावसायिक म्हटलं तर १०, आणि मुळात नोकरच ठरला तर पगाराचा. बिलावर काय लिहायचं ते आधी ठरवा.

जीएसटीची काळजी करू नका. त्याची सगळीकडची मिळून उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. नोंदणी असली तरी १८ टक्क्यांचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, तुमच्या जीएसटीतून वजा होतं.

मनुष्यबळ_मावशी

मी पुरवठादार बाजूची. शिव्या द्यायच्या असतील तर रांगेत या.

तिसरा रस्ता आहे. माणूस एजन्सीच्या पेरोलवर, बसतो तुमच्याकडे. पगार, पीएफ, सगळं एजन्सी करते, वर आपलं कमिशन लावते. पण भोसरीकर, एका माणसासाठी हे करू नका. कमिशन जातंच, शिवाय १८ टक्के जीएसटी फक्त कमिशनवर नाही, पगारासकट पूर्ण बिलावर लागतो. क्रेडिट मिळेल, पण तोवर तुमचे पैसे अडकून. आमचा माल चाळीस-पन्नास माणसं लागणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतेय, पण खरं ते खरं.

आणखी एक. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला पूर्वी ग्रॅच्युइटी टाळण्यासाठी वापरायचे, पाच वर्षं भरूच द्यायची नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात अशा माणसाला एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी आहे. ती पळवाट बुजली.

श्टुटगार्टचा_सातारी

इकडे जर्मनीत आमच्या शेजारच्या टेबलावर एजन्सीतून आलेला इंजिनियर बसतो. कायद्याने साधारणपणे अठरा महिनेच एका कंपनीत ठेवता येतो आणि नऊ महिन्यांनंतर पगार कायम माणसाइतकाच द्यावा लागतो. मी स्वतः असा आलो होतो. गळ्यातल्या कार्डाचा रंग वेगळा, कॅन्टीनमध्ये जेवण दोन युरोंनी महाग. सतराव्या महिन्यात सगळे अचानक गोड बोलायला लागले, मला वाटलं आता कायम करतात. केक कापला, निरोप दिला. तीन महिने मधे गेले की मोजणी पुन्हा शून्यापासून, म्हणून चौथ्या महिन्यात परत बोलावलं. तेच टेबल, तीच खुर्ची, फक्त मी लावलेलं तुळशीचं रोप मेलं होतं.

कोकणकडा

अवांतर: राज्य सरकारने कंत्राटी भरतीसाठी नऊ एजन्सी नेमल्या होत्या, सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय, दीडेक महिन्यात ओरड होऊन रद्द. माझा भाऊ त्याआधीपासून एका कार्यालयात कंत्राटी कनिष्ठ अभियंता आहे. पूल तपासायला जातो, पण मोजमाप पुस्तकात सही दुसऱ्याची. अकरा महिन्यांचा आदेश, एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने. लग्नाच्या स्थळांना काय सांगायचं हा घरातला मोठा प्रश्न आहे. तुम्ही खर्च-फायदा मोजताय, तो त्याच्या बाजूने मोजून बघा.

तिरकस_तात्या

यावर विनोद सुचत नाही.

निवृत्त_टूलरूम

अडतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. खातेवहींचा हिशेब वाचला. चोख आहे. पण १३६ दिवस हा आकडा धरून बसू नका.

डिझाइनर दिवसभर ड्रॉइंग काढत नाही. आमच्या जिग-फिक्स्चरवाल्याचा निम्मा वेळ शॉपवर जायचा. फिटर खालून हाक मारायचा, 'ओ साहेब, हे बसत नाही.' तो उतरायचा, बघायचा, कधी स्वतःची चूक निघायची, कधी टर्नरची. ते ड्रॉइंगवर कुठेच येत नाही, पण पुढच्या ड्रॉइंगमध्ये आपोआप येतं. आपल्या बोअरिंगवाल्याचं मशीन मिलिमीटरचे दोन शतांश जास्त खातं, म्हणून हा बेअरिंगची सीट तशी देतो. अमक्या वेल्डरचं स्ट्रक्चर ओढतं, म्हणून मशीनिंगला पाच मिलिमीटर जास्त ठेवतो. ताशी ७०० चा माणूस हे शिकेल, पण तुमच्या पैशाने शिकेल आणि पुढच्या गल्लीत वापरेल.

भोसरीकर, तुम्ही आधी जॉब कार्डं काढून बघा. गेलेला मुलगा खरंच काय करत होता?

सुटा_इंजिनियर

काका, मान्य, पण उलटंही होतं. मी पंधरा कारखाने बघितलेत. एका ठिकाणी सहा वर्षं बसलेला माणूस सहा वर्षं एकच चूक करत असतो आणि तिला 'आपली पद्धत' म्हणतो.

निवृत्त_टूलरूम

हेही खरंच. मला दोन नावं लगेच आठवली. त्यातलं एक माझं.

भोसरीकर_१४

सगळ्यांचे आभार. काकांनी सांगितलं म्हणून दोन गुरुवार बसून वर्षभराची जॉब कार्डं आणि गेट रजिस्टर चाळलं. ड्रॉइंगचे तास ९४०. मला वाटलं, चला, १,०९१ च्या आत, बायको जिंकली. पण व्हेंडरकडे, गिऱ्हाइकाकडे आणि शॉपवर मिळून आणखी ६०० च्या आसपास निघाले. म्हणजे १,५४० तास, ७०० ने १०,७८,००० रुपये. बायकोने कागद उलटा करून ठेवला.

मग असं केलं. कंत्राटी माणसाला वर्षाला ६०० तास, अवघड ड्रॉइंग आणि तपासणी एवढंच. सोर्स फाइल, मालकी, मुदत, प्रदेश 'जगभर', सगळं लिहून घेतलं. सोबत डिप्लोमा झालेली एक मुलगी पगारावर घेतली, २२,००० वर. शॉपवर तीच उतरते आणि सोपी ड्रॉइंगही तीच काढते. खातेवहींच्या पद्धतीने तिचा खर्च महिन्याला २७,११२ येतो, वर्षाचे ३,२५,३४४. कंत्राटी माणसाचे ४,२०,०००. एकूण ७,४५,३४४.

खातेवही

७,६३,८७२ वजा ७,४५,३४४. एवढा उपद्व्याप करून वर्षाला वाचले १८,५२८.

तिरकस_तात्या

म्हैस नाही, ताक नाही. वासरू पाळलंय.

भोसरीकर_१४

दोन महिन्यांनी धागा वर आणतोय, कुणीतरी निरोप पाठवून विचारलं म्हणून.

पहिलं मशीन असेंब्लीला आहे. कंत्राटी माणसाचं काम देखणं, ड्रॉइंग बघत राहावं असं. पण एका प्लेटवर डॉवेल पिनची (दोन भाग नेमके जागेवर धरणाऱ्या पिनेची) सगळी भोकं बंद दिली होती, आरपार नाहीत. फिटर मामांनी पिना ठोकल्या, मग कळलं प्लेट अर्धा मिलिमीटर सरकवायची आहे. आता पिन बाहेर कशी काढायची? मागून ठोकायला जागाच नाही. मामा दुपारभर त्या प्लेटशी बोलत होते, काय बोलत होते ते इथे लिहिता येणार नाही. मुलगी बाजूला उभी. संध्याकाळी तिने स्वतःहून राहिलेल्या चारही प्लेटांची ड्रॉइंग उघडली, आरपार भोकं केली, जिथे जमत नव्हतं तिथे पिन काढायला आटे असलेली पिन दाखवली, आणि कंत्राटी माणसाला तपासायला पाठवली. त्याने मान्य केली. आणि महिनाअखेरच्या बिलात ती तपासणी अर्धा तास म्हणून लावली. बायकोने त्या ओळीभोवती लाल गोल काढून बिल माझ्या टेबलावर ठेवलंय.

निवृत्त_टूलरूम

मुलीला सांभाळा. पगार वाढवायला दिवाळीची वाट बघू नका.

सुटा_इंजिनियर

साडेतीनशे रुपये. देऊ नका, चूक त्याची होती. मी असतो तर लावलेच नसते.

बरं, लावले असते. पण मामांना चहा पाजला असता.